गाडीची गाणी

पर्वत पाटियाहून धुळ्याकडे निघालेल्या गाडीत गाणी कशावर लावायची, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्यांचं निम्मं घर सुरतेत आणि निम्मं खान्देशात आहे, त्यांना तो तसा वाटत नाही. अशी घरं आमच्याकडे शोधावी लागत नाहीत. लिंबायत, गोडादरा, डिंडोली, उधना आणि आमचा पर्वत पाटिया या सगळ्या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली माणसं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. कुणी यंत्रमागावर आलं, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कुणी रिंग रोडच्या साडी मार्केटमध्ये हिशेब लिहायला. पहिली पिढी उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत दाटीवाटीने बसून गावी जायची. आता सोसायटीच्या दारात स्वतःची गाडी असते. बहुतेकांची सीएनजीवर चालणारी, बऱ्याच जणांची दुसऱ्याच्या हातून आलेली. लग्न, दहावं, शेतीची वाटणी, कानबाई, काहीही निघालं की पहाटेच्या अंधारात ती कडोदऱ्याच्या दिशेने वळते.

पुढचा रस्ता पाठ आहे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. मग विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री आणि धुळे. सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, सोनगडपासून साग आणि बांबू. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून तर दोन राज्यांची सीमाच जाते. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. रस्त्यावर मात्र हद्द कळते ती दुकानांच्या पाट्यांवरून. आणि घाटात शिरलं की आमच्या गाडीतलं गाणं थांबतं. मोबाईलच्या पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहतं. गायकाचा सूर अर्धवट लागलेला, तबला सम गाठायच्या बेतात, आणि गाडीत शांतता. ज्या वळणावर गाव जवळ आल्याचं जाणवायला लागतं, नेमक्या त्याच वळणावर गाणं जावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

फोन असताना वेगळं यंत्र कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. नेटवर्कचा मुद्दा सोडून दिला तरी माझं म्हणणं असं की फोन गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो माणूस उतरला की त्याच्याबरोबर गाणीही उतरतात. पुढच्या सीटवर पुतण्या बसला तर गाणी पुतण्याची, आणि तीही त्याच्या फोनमधल्या ॲपने त्याची आवड ताडून पुढे केलेली. मागे आई बसलेली असते, वहिनी असते, कधी गावाकडची आत्या असते. त्यांची आवड कुठल्याच ॲपच्या हिशेबात नसते. मध्येच मार्केटमधून फोन येतो, गाणं बंद पडतं आणि थकलेल्या पेमेंटची बोलणी स्पीकरवर अख्ख्या गाडीला ऐकवली जातात. मला असं काहीतरी हवं होतं की जे गाडीतच राहील, चावी फिरवली की बोलायला लागेल, आणि ज्यात गाडीतल्या प्रत्येकाचं निदान एक तरी गाणं असेल.

आता गाडीत ठेवायची वस्तू म्हटली की ती टिकली पाहिजे, आणि टिकणं म्हणजे आमच्याकडे उन्हात टिकणं. मार्केटच्या आसपास छपराखाली गाडी लावायला जागा मिळणं हे नशिबाचं काम. दहाला लावलेली गाडी संध्याकाळी सातला निघते, तोवर ती उन्हात भाजत असते. २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बंद गाड्यांमधलं तापमान मोजलं होतं. तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी चढतं, आणि त्यातला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो, असं त्यांना आढळलं. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. सुरतेत मे महिन्यात पारा ३८ अंशांवर असेल तर गाडीच्या आत साठच्या घरात जातो. डॅशबोर्डवर थेट ऊन पडत असेल तर तिथे त्याहूनही जास्त. फोन बंद करून ठेवतानाही तो ४५ अंशांच्या वर तापू देऊ नका, असं ॲपल स्वतः सांगते. म्हणजे आमच्या गाडीचा साधा दिवस त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे सुरू होतो.

यात सगळ्यात आधी जीव जातो तो लिथियमच्या बॅटरीचा. उष्णतेने तिच्या आतल्या रासायनिक क्रिया नको तितक्या वेगाने चालतात, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी लवकर म्हातारी होते. आमच्या सोसायटीतल्या एका शेजाऱ्याने जुना फोन खास गाण्यांसाठी म्हणून डॅशबोर्डच्या खणात ठेवला होता, कायम चार्जिंगला लावलेला. एका उन्हाळ्यानंतर त्याने तो मला दाखवला. पाठीमागचं झाकण फुगून वर आलं होतं, पडदा एका कडेने चौकटीतून सुटला होता आणि फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती, भरलेल्या पुरीसारखी टम्म. त्याला म्हटलं, हे घरातसुद्धा ठेवू नकोस, ई-कचऱ्यात दे. त्या दिवसापासून गाडीतल्या वस्तूबद्दल माझा पहिला प्रश्न ठरून गेला: हिच्या पोटात बॅटरी आहे का?

या प्रश्नाला बरीच चांगली यंत्रं अडखळतात. ब्लूटूथ स्पीकर गेले. सारेगमचा कारवाँही गेला. २०१७ मध्ये तो आला तेव्हा पाच हजार गाणी आतच भरलेली आणि समोर मोठी गोल बटणं बघून मला फार आनंद झाला होता. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचा विचार कुणीतरी केलाय, असं वाटलं. घरी देवघराशेजारच्या फडताळात त्याची जागा पक्की आहे. पण त्याला उन्हात, बंद काचांच्या आत सोडून जाणं माझ्याच्याने होणार नाही.

जुन्या यंत्रांची यात मजा होती. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तो दोन पेन्सिल सेलांवर चालायचा. सेल संपले की कुठल्याही टपरीवर नवे मिळायचे आणि यंत्र पुन्हा ताजंतवानं. पुढे एमपीथ्रीच्या काळात क्रिएटिव्ह कंपनीचा म्युव्हो नावाचा लहानसा प्लेअर होता. त्यात एकच बारीक सेल, आणि सेलाचा भाग काढला की उरलेला तुकडा म्हणजे चक्क पेनड्राईव्ह. इतकी शहाणी रचना पुढे का टिकली नाही, याची मला हळहळ वाटते. आयपॉडची कीर्ती मोठी, २००१ ते २०२२ असं त्याचं राज्य चाललं. पण त्याच्या ज्या मोठ्या भावंडांत हजारो गाणी मावत, त्यांच्या आत फिरती हार्डडिस्क होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं हादरे खाणं हे तिचं काम नव्हे. सीडी तर उन्हाने वाकते आणि हादऱ्याने अडते. तिच्याबद्दल इतकंच पुरे.

मला माझं उत्तर आमच्याच रस्त्यावर मिळालं. पुणा-कुंभारिया रोडवरून आणि सारोलीच्या मार्केटकडून दिवसभर पार्सलांचे टेम्पो जात-येत असतात. वर तागाच्या कापडात शिवलेले साड्यांचे गठ्ठे, आत ड्रायव्हर, आणि त्याच्या गुडघ्यापाशी हाताच्या पंजापेक्षाही लहान अशी एक काळी पट्टी. पट्टीवर लाल आकडे, चार-पाच बटणं, एक यूएसबीची खाच, त्यात खोचलेला पेनड्राईव्ह. रिक्षांमध्येही हीच पट्टी, स्पीकर मागच्या सीटच्या पाठीशी. ही पट्टी गाडीच्या बारा व्होल्टवर चालते, तिला स्वतःची बॅटरी नाही, पडदा नाही, नेटशी संबंध नाही. टेम्पो दिवसभर उन्हात, धुळीत, पावसाळ्यात खाडीच्या पाण्याशेजारी उभा असतो आणि संध्याकाळी ड्रायव्हर चावी फिरवतो तेव्हा सकाळी थांबलेलं गाणं तिथूनच पुढे सुरू होतं. पट्टी बिघडलीच तर काही शे रुपयांत दुसरी बसते, आणि गाणी त्याच्या खिशातल्या पेनड्राईव्हमध्ये शाबूत असतात. जाहिरातींत जो टिकाऊपणा सांगतात, तो इथे रोज कामावर असतो. पाण्यात बुडवून दाखवलेली महागडी यंत्रं मी दुकानांत पाहिली आहेत, पण निवड करायची तर माझा कौल या ड्रायव्हरांच्या बाजूने.

तेव्हा मी गाडीसाठी साधा, बटणांचा स्टीरिओ घेतला. बसवणारा पोरगा अमळनेरकडचा. तो म्हणाला, "भाऊ, पडदावाला घ्या ना, आता सगळे तोच घेतात." त्याला सांगितलं की मला आवाजाचं गोल बटण हवं, पुढच्या-मागच्या गाण्याची उंच बटणं हवीत, आणि रस्त्यावरची नजर न हलवता बोटाने ती सापडली पाहिजेत. त्याने ते मन लावून ऐकलं. बसवताना त्याने एक गोष्ट दाखवली, ती इथे नोंदवून ठेवतो, कारण ती माहीत नसल्यामुळे चांगलं यंत्रसुद्धा बदनाम होतं. स्टीरिओच्या मागे पिवळी, लाल आणि काळी अशा तीन तारा असतात. काळी गाडीच्या पत्र्याला. लाल चावीवर चालू-बंद होणाऱ्या वीजपुरवठ्याला. पिवळी मात्र कायम सुरू असलेल्या पुरवठ्याला जोडायची, कारण स्टीरिओची आठवण तिच्यावर असते. घाईत पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या तारेला जोडल्या, की गाडी बंद केल्याबरोबर यंत्र सगळं विसरतं आणि दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होतं. उलट दोन्ही कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, की गाडीची बॅटरी रात्रभर झिरपत राहते.

पेनड्राईव्हची निवडही वाटते तितकी बिनमहत्त्वाची नाही. लांब पेनड्राईव्ह गियर टाकताना हाताला लागतो, आणि अशा चार धक्क्यांत त्याच्यापेक्षा स्टीरिओची खाच आधी खिळखिळी होते. म्हणून नखाएवढाच बाहेर राहणारा घ्यावा. तो चालताना तापतो, पण त्याला सोसतं. पुष्कळ मेमरी कार्डांवर तर ८५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. हे सोसणं आलं ते त्याच्या रचनेतून. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. तिच्यात हलणारं काहीच नाही. विजेचा कणभर भार सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवायचा, त्यावरच सगळी आठवण. मात्र उष्णतेत हा भार हळूहळू गळतो. म्हणून मी दिवाळीला आणि उन्हाळा संपता संपता सगळी गाणी घरच्या कॉम्प्युटरवरून नव्याने भरतो. मूळ प्रत घरी, गाडीत जाते ती नक्कल, हा नियम मी कधी मोडत नाही. पावसाळ्यात खाडीपूर येतं, आमच्या भागात पाणी चढतं, गाड्या उंचावर न्यायला धावपळ होते; तेव्हा पेनड्राईव्ह खाचेतून काढून शर्टाच्या खिशात टाकला की झालं.

गाणी भरण्यातही काही गोष्टी मराठी माणसाने लक्षात ठेवाव्यात. पेनड्राईव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. साधे स्टीरिओ दुसरं काही वाचत नाहीत. देवनागरीत दिलेली नावं या लहानशा पडद्यांवर उमटतच नाहीत, नुसत्या चौकटी दिसतात. म्हणून मी नावांच्या आधी आकडे घालतो: एक म्हणजे आईचं, दोन म्हणजे अभंग, तीन म्हणजे नाट्यगीतं, असं घरात सगळ्यांना पाठ आहे. शिवाय बरेच स्टीरिओ अक्षरांच्या क्रमाने गाणी वाजवत नाहीत. ज्या क्रमाने ती पेनड्राईव्हवर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. गीतरामायणासारखी गोष्ट भरायची तर हे सांभाळावंच लागतं. माडगूळकर आणि फडक्यांनी १९५५-५६ च्या वर्षात पुणे आकाशवाणीवरून एकेक करत जी ५६ गीतं ऐकवली, त्यांना कथेचा क्रम आहे. तो उलटापालटा झाला तर सेतूच्या आधी लंका येते. मी ती एकेक करून उतरवतो. पाच मिनिटांचं गाणं मध्यम दर्जाच्या एमपीथ्रीत साधारण पाच एमबी जागा घेतं, म्हणजे आठ जीबीच्या पेनड्राईव्हवर दीड हजारांच्या वर गाणी बसतात. गावाचा रस्ता पाच तासांचा. जागेची चिंता कुणी करू नये.

पण हा सगळा खटाटोप मी ज्यासाठी करतो तो कप्पा पहिला, आईचा. त्यात बहिणाबाईंची गाणी आहेत. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे त्या असोद्याच्या शेतकरी बाईचे शब्द चित्रपटगीतं होऊन घराघरांत गेले, आणि आमच्या घरात तर ते माहेरची बोली म्हणूनच ऐकले जातात. त्यांच्याशेजारी अहिराणीतली लग्नातली गाणी आहेत. आणि सगळ्यांत मौल्यवान म्हणजे कानबाईच्या रात्रीचं आमचं स्वतःचं ध्वनिमुद्रण.

कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाला नथ, हार, साडी लेववून देवी मांडतात, रोट होतात, रात्रभर बायका गातात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आता सुरतेतही या दोन दिवसांत आमच्या वस्त्या भरून वाहतात. मिलमधून सुट्टी काढून माणसं रोटांसाठी घरी थांबतात. बाहेर मोठे स्पीकर असतात, त्यांच्यावरची गाणी कुठेही मिळतात. पण आत, देवीसमोर बसून म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणतात, ती कुठेच मिळत नाहीत. एका वर्षी मी त्यांना विचारून फोन तांदळाच्या डब्यावर टेकवला, पंखा बंद केला, दारं लावली. माझी आत्या सुरुवात करायची, बाकीच्या उचलायच्या. तिचा आवाज चढताना थोडा चिरकतो आणि त्या चिरकण्याच्या जागेवर मागच्या बायका धावून येतात, ओळ सावरून नेतात. मध्येच कुणाची बांगडी वाजते, कुणीतरी हळूच चहाचं विचारतं. मी ते काही कापलं नाही. ध्वनिमुद्रणाच्या कसोटीला ते उतरणार नाही, पण गाडीच्या इंजिनाच्या घरघरीत आत्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, कारण ती मुळातच अंगणातून शेतापर्यंत हाक पोचवणारी बाई.

पहिल्यांदा ते गाडीत लावलं तेव्हा आम्ही विसरवाडी सोडून घाटाला लागलो होतो. आईने विचारलं, "हाई कथाईन लागनं रे भाऊ?" कुठून लागलं म्हणून सांगितल्यावर ती पुढे वाकली, आणि पुढची ओळ आत्याच्या आधी तिने म्हटली. वहिनी गुजरातच्या शाळेत शिकलेली, अहिराणी तिला ऐकून कळते पण बोलताना ती संकोचते. तीही पालुपदाला गुणगुणू लागली. पुतण्याने कानातली बोंडं काढली आणि विचारलं, ही आजी कोण? दहिवेल येईपर्यंत आई त्याला नाती समजावत होती: आवाज कुणाचा, ती कुणाची कोण, कुठल्या गावची, आता कुठे असते.

या आवाजाची प्रत कुठल्या कंपनीच्या संगणकावर नाही, कुठलं ॲप तो सुचवणार नाही, आणि मीही तो तिथे टाकलेला नाही, कारण त्या बायकांनी तो आमच्यासाठी म्हटला होता. मग त्याच्या टिकण्याची जबाबदारी आमच्यावरच आली. टिकाऊ यंत्र निवडताना मी इतका काटेकोर झालो तो याच कारणाने. चित्रपटाचं गाणं गेलं तर पुन्हा मिळेल. आत्या आता ऐंशीच्या पुढची आहे, तिला सगळ्या ओळी आठवत नाहीत, आणि ज्या दोघी तिच्या मागून उचलायच्या त्यांतली एक गेल्या हिवाळ्यात गेली.

सध्या माझ्याकडे तीन प्रती आहेत: घरच्या कॉम्प्युटरवर, गाडीत, आणि धुळ्याला भावाच्या इकोमध्ये. साक्रीच्या मामेबहिणीने चौथी मागितली आहे. तिच्या सासूला जात्यावरच्या ओव्या येतात आणि ती म्हणते, पेनड्राईव्ह रिकामा पाठवू नकोस, भरून पाठव, आम्ही आमचं त्यात घालून परत देऊ. तेव्हा यंदा श्रावणाच्या आधी एक फेरी नक्की आहे. आकडा चार अजून मोकळाच ठेवलाय, तो त्या ओव्यांसाठी.